मांगरातली आत्या

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातून ४१ वर्षांच्या एका आंबा बागायतदारांचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचा २५ वर्षांचा धाकटा भाऊ मुंबईत नोकरीला होता. गेल्या दिवाळीनंतर, शेजारच्या खोलीतली माणसे आपल्याबद्दल बोलतात, असे तो फोनवर सांगू लागला; पुढे त्याची झोप गेली, नोकरी गेली आणि तो गावी परतला. आईने नारळ दिले, उतारे टाकले. शिमगा झाल्यावर पत्रलेखकांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले आणि स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. साडेतीन महिन्यांच्या औषधांनी आवाज पुष्कळ कमी झाले आहेत. तो वेळेवर जेवतो, बागेत थोडेफार कामही करतो. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी ‘घराण्यात पूर्वी कोणाला असा त्रास होता का’ असे विचारले, तेव्हा ७८ वर्षांच्या वडिलांनी उत्तर दिले होते, ‘आमच्या घराण्यात असला कोणाक नाय.’ महिन्याभराने चुलत काकांकडून निराळेच कळले. वडिलांना एक धाकटी बहीण होती. १९७१ च्या सुमारास, लग्नाच्या वयात, ती एकटीच बोलू लागली, रात्री-अपरात्री समुद्राकडे निघून जाऊ लागली. मांत्रिक झाले, मग दोन पावसाळे तिला मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, खांबाला बांधून ठेवले आणि शेवटी दूरच्या एका मनोरुग्णालयात पोचवले. त्यानंतर तिला भेटायला घरातले कोणी गेले नाही. काही वर्षांनी ती गेल्याचे कार्ड आले. हे कळल्यापासून पत्रलेखक वडिलांशी बोलत नाहीत. इकडे वाडीत ‘आत्याच धाकट्याला लागली’ असे बोलले जाते आणि ग्रामदेवतेला कौल लावावा असा आईचा आग्रह आहे. ते विचारतात: आत्याचे हे सारे डॉक्टरांना आणि भावाला सांगावे का? देवळात जावे का? आणि ज्यांनी सख्ख्या बहिणीला दाव्याने बांधले त्यांना क्षमा कशी करावी?

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘त्यांच्या पिढीला हा आजार म्हणजे भूत वाटायचे, आमच्या पिढीला विज्ञान कळते,’ असे तुम्ही लिहिले आहे. वडिलांवरचा तुमचा राग बराचसा या वाक्यावर उभा आहे, म्हणून आधी तेच तपासून पाहू.

पूर्वी सगळेच भूत मानत होते, हे मुळात खरे नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतले चार वात, पित्त, कफ आणि या तिन्हींचा संनिपात यांमुळे होणारे, म्हणजे शरीरातल्या बिघाडाचे आहेत आणि पाचवा आगंतू, बाहेरून येणारा आहे. त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात असेही म्हटले आहे, की जो माणूस स्वतःच आधी क्लिष्ट, म्हणजे पीडित, झालेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस पीडा देत नाहीत. भुताला इतक्या स्पष्टपणे बाजूला सारणारे वाक्य आपल्याकडे इतक्या जुन्या काळी लिहिले गेले, याचे मला नेहमी नवल वाटते. पण त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. भुताच्या जागी तिथे ‘प्रज्ञापराध’ येतो, म्हणजे माणसाचा स्वतःचाच दोष. रोग्याच्या डोक्यावरचे भूत उतरले आणि त्याच डोक्यावर अपराध चढला. मानसिक आजाराच्या समजुतींचा पुढचा इतिहास पाहिला, तर हा अपराध एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाताना पुन्हा पुन्हा दिसतो.

विज्ञान म्हणून आपण ज्याकडे पाहतो, तेथेही हेच घडले. १९४८ मध्ये अमेरिकेतील एका नामवंत मनोविश्लेषक बाईंनी, फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी, स्किझोफ्रेनिया आईच्या थंड आणि हुकमी वागण्यातून निर्माण होतो, अशा अर्थाचा शब्द रूढ केला. पुढची दोन-अडीच दशके कित्येक आयांनी मुलाच्या आजाराबरोबर हा आरोपही वाहिला आणि मग तो सिद्धान्त पुराव्याअभावी गळून पडला. म्हणजे १९७१ साली तुमच्या आजोबांनी मुलीला चमत्कार घडून न्यूयॉर्कच्या एखाद्या डॉक्टरांकडे नेले असते, तर ‘हे तुमच्या बायकोमुळे झाले’ असे ऐकूनही ते परत आले असते. उपचारांचेही तसेच. मेंदूतील तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी पोर्तुगालचे एगास मोनिझ यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि काही वर्षांतच ती शस्त्रक्रिया वैद्यकाला लाज आणणारी ठरली. बांधून घालणारे सगळेच अडाणी नव्हते. काही जण पदव्या आणि पदके मिळवलेलेही होते.

आता तुमच्या वडिलांच्या हाती तेव्हा काय होते, ते पाहा. तुमचे गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून पंचवीसेक वर्षे होती. क्लोरप्रोमाझिन या औषधाने भ्रम आणि आवाज कमी होतात, हे पॅरिसमध्ये १९५२ साली दिसून आले होते आणि आज तुमचा भाऊ ज्या गटातील गोळ्या घेतो त्यांचे ते मूळ आहे. पण मोठ्या शहरातल्या रुग्णालयात औषध येणे आणि तुमच्या वाडीतल्या माणसाला ते आहे हे माहीत होणे यांत फार मोठे अंतर होते. हे आजार आपल्या भागात जवळच्या जवळ तपासले जावेत यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ मध्ये आला आणि जिल्हा पातळीवरचा १९९६ मध्ये. कायदा चालू होता १९१२ चा. त्यात रोग्याला सरळसरळ ‘ल्यूनॅटिक’ म्हटलेले होते आणि नातेवाइकांना भरती करायची असेल तर साधारणपणे दोन वैद्यकीय दाखले आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. आजारी बहिणीला घेऊन एक पंचविशीतला तरुण कचेरीच्या पायऱ्या चढतो आणि ‘ही वेडी आहे’ असे कागदावर लिहून देतो, हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. रात्री समुद्राकडे जाणाऱ्या मुलीला मांगरात बांधणे हे क्रूर होतेच. पण ती बुडू नये, यापलीकडे त्या घराला तेव्हा काय सुचू शकत होते, याचा विचार तुम्ही रागाच्या भरात केलेला नाही, असे मला वाटते.

याचा अर्थ ‘तो काळच तसा होता’ म्हणून सगळे झाकून टाकावे, असा मात्र नाही. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले होते. घरची माणसे जवळ राहिली, आजार काय आहे हे त्यांना समजावून सांगितले, की रोगी लवकर सावरतात आणि घरी परत नेले जातात, हे तेथे दिसून आले. साधने त्यांच्यापाशीही फार नव्हती. तेव्हा बांधण्याबद्दल मी तुमच्या वडिलांना दोष देणार नाही. नंतर एकदाही भेटायला न जाण्याबद्दल मात्र प्रश्न विचारता येतो. तो तुम्ही विचारालच. फक्त त्याचे उत्तर एसटीच्या भाड्याचे, लाजेचे, की उरलेल्या बहिणींची लग्ने अडतील या भीतीचे होते, हे तुम्हाला अजून माहीत नाही आणि निकाल मात्र देऊन झाला आहे.

हे मी इतके विस्ताराने लिहिते आहे, त्याला व्यवहारातले कारणही आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णालयातून घरी गेलेल्या रोग्यांचा मागोवा घेतला. ज्या घरांत रोग्यावर सतत टीका, राग किंवा अति काळजीचा मारा होतो तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते, असे त्यांच्या आणि नंतरच्या अनेक अभ्यासांतून पुढे आले. हा आणि आईला दोष देणारा जुना सिद्धान्त यांची गल्लत करू नका: घर आजार निर्माण करत नाही, पण आजाराची पुढची वाट सुकर किंवा अवघड करू शकते. तुमचा राग भावावर नाही, हे मला मान्य आहे. पण एका पडवीत बसणारे बाप-लेक आठवडेच्या आठवडे एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्याचे कारण कोणी सांगत नाही, अशा घरात, आपल्याबद्दलच काही कुजबुज चालली आहे असे वाटण्याचा आजार असलेला मुलगा राहतो आहे. त्याने काय अर्थ लावावा?

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. डॉक्टरांना सांगा आणि पुढच्या तपासणीलाच सांगा. त्याने निदान बदलेल असे नव्हे, पण आत्याचा आजार कोणत्या वयात सुरू झाला, मध्ये काही काळ ती बरी असायची का, उदासी किंवा अति उत्साहाचे झटके यायचे का, हे तपशील औषध ठरवणाऱ्याला उपयोगी पडतात. जेवढे चुलत काकांना आठवते तेवढे एका कागदावर लिहून न्या.

भावाला सांगणे अधिक नाजूक आहे, तरी त्यालाही सांगावे, असेच माझे मत आहे; वाडीतून अर्धवट कानावर येण्यापेक्षा घरातून पूर्ण कळलेले बरे. मात्र सांगण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला, आदल्या रात्री तो शांत झोपलेला असेल असा दिवस निवडा आणि शब्द जपून वापरा. मराठीत या आजाराला ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात, बोलताना ‘दुभंगलेले मन’ म्हणतात. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये घडवलेल्या नावाचे हे शब्दशः भाषांतर आहे आणि त्याने गैरसमजाशिवाय फारसे काही साधलेले नाही; एका देहात दोन माणसे, असे या आजारात काही नसते. जपानी भाषेतही असेच ‘मन दुभंगण्याचा रोग’ या अर्थाचे नाव होते. ते इतके जड होते, की बहुतेक डॉक्टर रोग्याला निदान सांगतच नसत. रोग्यांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून २००२ मध्ये तेथे नाव बदलले, मेळ बिघडण्याचा विकार अशा अर्थाचे नवे नाव आले आणि काही वर्षांतच निदान सांगितल्या जाणाऱ्या रोग्यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. तुमच्या भावाशी बोलताना तुम्ही नाव घेतलेच पाहिजे असे नाही. ‘तुला जे आवाज येत होते तसे आपल्या आत्यालाही येत असावेत, तेव्हा तिला औषध मिळाले नाही, तुला मिळाले,’ एवढे पुरे आहे. पुढे त्याला विचारायचे असेल ते तो विचारील.

‘हे आमच्या रक्तातच आहे का,’ असे विचारताना तुम्ही तुमच्या बारा वर्षांच्या मुलीचाही उल्लेख केला आहे. सर्वसाधारणपणे शंभर माणसांत सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आत्या किंवा काकाला तो असेल तर हे प्रमाण शंभरात दोन ते चारच्या आसपास जाते. म्हणजे तुमच्या मुलीसारख्या शंभर मुलांपैकी शहाण्णव किंवा त्याहून अधिक जणांना तो होत नाही. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्या भावंडांतसुद्धा, एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. घराण्याकडून येते ती प्रवृत्ती. ती प्रकट होण्यात इतर अनेक गोष्टींचा वाटा असतो आणि त्यांतली एक तुमच्या हातातली आहे, ती म्हणजे गांजा. किशोरवयात गांजा ओढण्याने धोका वाढतो, हे मुलगी सोळा-सतरा वर्षांची झाली की तिला कारणासह सांगा.

आता कौल. मी देव मानते की नाही, हा येथे मुद्दा नाही आणि तुमच्या आईला अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे मला सोपेही वाटत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी तमिळनाडूतील एका देवळात येऊन राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. घरच्या माणसांबरोबर काही आठवडे तेथे राहून, झाडझूड करणे, झाडांना पाणी घालणे अशी हलकी कामे करत, औषधाविना त्यांची लक्षणे सरासरीने जवळपास वीस टक्क्यांनी कमी झाली होती. कोणी ओरडत नाही, हाकलत नाही, दिवसाला वळण आहे, सोबत आपले माणूस आहे, यात काहीतरी आहे. आणि त्याच राज्यात एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात, ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. श्रद्धा दोन्हीकडे होती. एकीकडे साखळी नव्हती.

तेव्हा आईला घेऊन देवळात जा, भावाची इच्छा असेल तर त्यालाही न्या. गुरवांना गाऱ्हाणे घालू द्या. पण निघण्यापूर्वी घरात ठरवून घ्या, की कौल उजवा पडो की डावा, सकाळ-संध्याकाळची गोळी चुकणार नाही. भावाला उपाशी ठेवले जाणार नाही. आणि ‘औषध घ्यावे का’ हा प्रश्न देवापुढे मांडलाच जाणार नाही. तुमच्या आईला मी असे सांगून पाहीन, की डॉक्टरांची वाट देवानेच दाखवली असे समजा आणि कौल त्या वाटेवर राखण मागण्यासाठी लावा. देवळाबाहेरचा कोणी मांत्रिक ‘आत्या काढून देतो’ म्हणून पैसे मागू लागला, बांधणे, मारणे, धुरी देणे असे काही सुचवू लागला, तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्याला ऐकवायला कचरू नका. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनाई केली आहे. याच कायद्याने तुमच्या भावाला एक हक्क दिला आहे, जो आत्याला नव्हता: पुढे कधी आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, हे तो आज बरा असताना लिहून ठेवू शकतो. डॉक्टरांना विचारा आणि त्याला बसवून ते लिहून घ्या. कदाचित तो तुमचे नाव न देता आईचे देईल. तसे झाले तर वाईट वाटून घेऊ नका.

गावाकडच्या काही गोष्टी, ज्या शहरातले डॉक्टर सांगायला विसरतात. पावसात दरड कोसळून किंवा पूल पाण्याखाली जाऊन रस्ता बंद होतो, तेव्हा गोळ्या संपल्या असे होऊ नये. आषाढ-श्रावणात किमान महिन्याच्या गोळ्या घरात आगाऊ ठेवा. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात ही औषधे मिळू शकतात, तेथे एकदा चौकशी करा. गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतील, रात्र-रात्र भजने चालतील, घर भरलेले असेल. भावाच्या झोपेला तेव्हा कोणी हात लावू देऊ नका, कारण आजार उलटताना पहिली खूण बहुधा झोप उडण्याचीच असते. आरतीला तो आला नाही तरी चालेल. ‘आता बरा दिसतो, गोळ्या कशाला,’ असे सांगणारा एखादा पाहुणा भेटेलच, त्याला चहा द्या आणि सल्ला परत करा. पहिल्या झटक्यानंतर औषधे बहुधा वर्ष-दोन वर्षे तरी चालू ठेवावी लागतात आणि ती कमी करायची ती डॉक्टरांनीच. आंब्याच्या हंगामातल्या उन्हात त्याला दुपारी राबवू नका आणि सुस्ती असेल तोवर कलमावर चढवू नका, कारण यांतल्या काही औषधांनी शरीराला उष्णता सोसत नाही. कोणी सर्पगंधेचे मूळ आणून दिले तर तेही नको. सर्पगंधा उन्मादावर उपयोगी पडते हे १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले होते आणि पुढे तिच्यापासून काढलेले औषध जगभर वापरलेही गेले. पण ती रक्तदाब खाली आणते, मन खिन्न करते आणि आता तिच्याहून चांगली औषधे आहेत. रात्री-बेरात्री काही सुचेनासे झाले तर १४४१६ या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तुमच्यासारख्या घरच्या माणसांचे गट हवे असतील, तर पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनशी संपर्क साधता येईल.

आणि वडील. क्षमा करा, असे मी म्हणणार नाही. ती तुमच्याकडून आत्याच्या वतीने देता येईल की नाही, हेच मला ठाऊक नाही. पण डॉक्टरांसमोरचे ते उत्तर मला निव्वळ खोटे वाटत नाही. ज्या माणसाने आयुष्यात एकदा अशाच एका टेबलासमोर उभे राहून बहिणीचे नाव दिले आणि ती परत आली नाही, तो मुलाच्या वेळी त्याच प्रश्नाला घाबरला, अशीही शक्यता आहे. हा माझा तर्क आहे. तो चुकीचा असेल तर ते त्यांच्याकडूनच कळेल. भाऊ घरात नसेल अशा एखाद्या संध्याकाळी त्यांच्याशेजारी जाऊन बसा. ‘तुम्ही असे का केलेत’ हा प्रश्न त्या दिवशी नको. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे, की आत्याचे नाव चुलत काकांनाही नीट आठवत नाही, लहानपणी ते तिला नुसती ‘बाय’ म्हणत. ते नाव बाबांना विचारा.